कॉर्व्हेटमध्ये आई

बहारीनची गंमत सांगतो. सत्तरच्या दशकात मी तिथे एका अरब शेठचा ड्रायव्हर होतो. माझी बायको पहिल्यांदाच येणार म्हणून त्याने आपली लाल कॉर्व्हेट ही वेगवान स्पोर्ट्स कार दिली. ‘अमेरिकेतली पोरं हिच्यासाठी वेडी होतात. यल्ला, चल, बायकोला मिरव!’

विमानतळावर बघतो तर बायकोबरोबर आई! तिचं तिकीट खरं तर पुढच्या आठवड्याचं होतं, ते बदलून आली होती. गाडीत सीटा दोनच. बायको म्हणाली, ‘आईंना घ्या. मी सामान घेऊन टॅक्सीने मागोमाग येते.’

आई घाबरेल म्हणून मी हळू चालवत होतो. मनामा शहराच्या अलीकडे टॅक्सी आम्हाला मागे टाकून गेली. बायकोने आतून हात हलवला.

आईने पदर खोचला. ‘अरे मेल्या, सून पुढे गेली! हाण की!’