शकुनच्या नावची पट्टी

—नाई जी, बरोबर घरी आले तुमी. शकुनचं दार ते बाजूचं, पण ती मोर्णा नदीवर धुणं घेऊन गेली. बसा इथं ओट्यावर, मी तिची मोठी जाऊ, मले सारं ठाव हाय. हैसियत पट्टी लिवाले आले न, ज्याची जशी कमाई तशी पट्टी? कमिटीत कोणी सांगतलं ते मी इचारत नाई — गल्लीत चुगल्या करणाऱ्याईची काय कमी हाय. पण ज्यानं सांगतलं त्यानं खरं सांगतलं. आमचा सगळ्यात धाकटा दीर सहदेव, शकुनच्या मालकाच्या पाठचा, तो उमरावतीले वकील हाय, दर महिन्याले तिले मनिआर्डर करते. कायच्यासाठी? सासूबाईले पाहते म्हणून. आपल्याच सासूले. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून हाका मारत येते — शकुनबाई, शकुनबाई — अन् ही अंगठा असा लावते का जसं राज्यच नावावर झालं. हे नवं लुगडं कुठून आलं, इचारा तिले.

काय म्हणता? लेकानं मायच्या खाण्यापिण्यासाठी पाठवलं त पट्टी नाई, अन् कामाची मजुरी असली त हाय? मंग मजुरीच लिवा जी. जवारी वावरातून येते, दूध घरच्या म्हशीचं, अन् म्हातारी खाते तरी किती — चिमणीएवढं. मंग राह्यलं काय? मजुरी. पैसे घेऊन सासूचे पाय दाबते ते सून कायची, बाई लावल्यासारखीच झाली. तेच लिवा, अन् गल्लीले कळू द्या. सासूबाईले आता दिसत नाई, पण आल्यागेल्याले हात वर करून सांगते — माही शकुन, माही शकुन. जशी दुसरी सून घरात आलीच नाई.

मी? मी काहून नाई पाहत? मले सहदेवनं इचारलंच नाई. मी त फुकट केलं असतं — करतोच — काई नाई, पुढं लिवा तुमी.

आता तोंडातून गेलंच त ऐका. दुपारची शकुन झोपते. तवा मी मागच्या दारानं जातो, खोबरेलाची वाटी घेऊन, अन् म्हातारीचे पाय चोळतो. बोलत नाई. आमचे हे गेले तवापासून माया आवाज आयकला का ती पाय पोटाशी घेते — म्हणते, हिच्या पायानं माया लेक गेला. म्हणून मुकाट्यानं चोळतो. अन् हे पाहा माहे हात, आता यात काय वाजणार हाय? त म्हातारी काय म्हणते? म्हणते, शकुन, मले टोचू नाई म्हणून बांगड्या वर सारल्या काय व, गुणाची माय माही. अन् माया पदरावरून हात फिरवते. शकुनचा पदर समजून. ते दुपारचे पाय तुमी कुठं लिवता, सांगा बरं. पैसे तिचे, नाव तिचं, अन् तो डोक्यावरचा हात, तोबी तिचाच.

काय लिवून राह्यले? वाचा.

'सासूची सेवा करणारी, शकुनबाई.'

थांबा जी. मी मजुरी लिवा म्हटलं, सेवा कुठं म्हटलं? म्हणजे सरकारच्या कागदावरबी म्हातारीले पाहणारी तीच झाली? उद्या नागपूरच्या सायबानं वाचलं त त्यालेबी तेच वाटणार. खोडा ते. पट्टी किती बसते? मी भरतो. काहून म्हणजे? नाव माहं लिवा — पार्बताबाई. मले पैसे भेटत नाईत त नसोत, पट्टी भरली का पावती येते न, अन् पावतीवर नाव असते न? मले वाचता येत नाई, पण नाव असलं म्हणजे असलं.

नाई होत? ज्याले भेटते त्याच्याच नावावर?

मंग काईच लिवू नका. लेक मायच्या खाण्यापिण्यासाठी पाठवते, एवढंच लिवा. शकुनचं नाई, माहं नाई, कोणाचंच नाव नको. हाव, मघा मी मजुरी म्हटलं. आता नाई म्हणून राह्यली. मीबी म्हातारं माणूस हाय, चुकलं असेन.

उठा जी आता. आयकलं का? बाजूच्या घरातून म्हातारी हाक मारून राह्यली — शकुन, शकुन. अन् ती त नदीवरून आली नाई अजून. जा तुमी. मले आत जा लागते, अन् तिथं मले बोलता येत नाई.