नदीकाठची बाग

हसू नका, पण डॉक्टरच म्हणाले, "जगायचं असंल तर रोज चाला." आता राहुरीत चालायचं कुठं? रस्ता सगळा उसाच्या ट्रॉल्यांचा. म्हणून परवा नदीकडं वळलो, तर हिरवंगार गवत, लिंबाची सावली, बसायला बाकडी! म्हटलं, आपल्यासारख्यांची कुणाला तरी काळजी हाय. ऐटीत बसलो. तेवढ्यात झाडांना पाणी घालणारा म्हणाला, "पाव्हणं, सावडायला एकटंच आलात?"

स्मशान हुतं ते!

घरी सांगितलं, तर बायकोनं दारातच अडवून बादली ओतली.

"अगं, कुणी मेलं न्हाई! नुसता फिरायला गेल्तो."

"तेच म्हनते मी. तुमच्या गावात मेल्याशिवाय सावली मिळत न्हाई, अन् तुमी रांग मोडून घुसलात!"