क्लीनरची बाजू

(सकाळी सव्वासहाला जळकोटजवळच्या एका वस्तीवर पाण्याचा टँकर सिंधू नावाच्या बाईच्या अंगावर गेला. चालवत होता चंद्रप्पा. लातूरच्या ज्या दवाखान्यात पक्षाघातानंतर संगणकावर त्याचे लक्ष देण्याचे व्यायाम झाले, तिथल्या खोलीत अकरा वाजता त्याची बायको नागम्मा आणि ते व्यायाम घेणारी पंचशीला.)

नागम्मा : तसं न्हाई म्याडम. दिसलीच न्हाई म्हणतेत आमचे मालक. घागर घेऊन डाव्या अंगानं पळत आली, अन् ह्यांनी गाडी पुढं घेतली.

पंचशीला : पण टँकर त्यांच्या हातात दिला कुणी?

नागम्मा : अमृतराव गुत्तेदारानं, टँकरचं कंत्राट त्याचंच. तुमीच फोनवर सांगितलं की त्याला, चांगली सुधारणा हाय म्हणून.

पंचशीला : सुधारणा आहे, एवढंच मी म्हणाले. गाडीचं डॉक्टर ठरवतील, असंही म्हणाले.

नागम्मा : तेवढं पुढचं कोण ऐकतंय? दुष्काळात टँकर लई अन् डायवर थोडे. त्यात उदगीर जिल्हा होणार, कामं निघतील म्हणून त्यानं आत्तापासूनच गाड्या वाढवल्यात.

पंचशीला : मला एकच कळत नाही. सुरुवातीला डावीकडं चित्र आलं की ते हलायचेच नाहीत. ताटातली डावीकडची भाकरीसुद्धा त्यांना दिसत नव्हती. नंतर एकही चित्र चुकेना!

नागम्मा : कसं चुकंल? मी हुते की बसलेली.

पंचशीला : म्हणजे?

नागम्मा : डाव्या अंगाला चित्र आलं की मी टेबलावर बोट वाजवायचे. मालक बटन दाबायचे.

पंचशीला : मावशी... मला वाटलं, तुम्ही जप करताय.

नागम्मा : टेबलावर?

पंचशीला : ओठ हलत होते तुमचे. गळ्यात इष्टलिंग. आम्ही बौद्ध माणसं. म्हटलं, दुसऱ्याच्या देवाधर्मात कशाला बोला.

नागम्मा : ‘आलं, आलं’ म्हणायचे मी.

पंचशीला : अहो, लक्ष त्यांचं तपासायचं होतं, तुमचं नाही!

नागम्मा : फसवायचं म्हणून न्हाई केलं. डायवर कदी एकला डावीकडं बघतो का? ती बाजू क्लीनरची. तो पत्र्यावर हात मारतो, डायवर थांबतो. सारा जन्म मालकांनी गाडी अशीच हाकली. मला वाटलं, हे बी दोघांनी मिळूनच करायचं असतंय.

पंचशीला : मग आज क्लीनर कुठं होता?

नागम्मा : काढला. गाडीला एकच माणूस परवडतो म्हणला अमृतराव.

पंचशीला : हे माहीत असून पाठवलंत त्यांना?

नागम्मा : मी बसले हुते की गाडीत, क्लीनरच्या जागी! अमृतरावानं उतरवलं. गावं हसतील म्हणला. मालक बी म्हणले, उतर. मशीन सांगायलंय मी बरा हाय, तू कोण सांगणारी?

पंचशीला : तुमचं बोट ऐकूनच तर ते बटण दाबत होते.

नागम्मा : पोलीस न्यायच्या आदी मी इचारलं मालकांना. म्हणले, कसलं बोट?

पंचशीला : आणि मी अहवालात लिहिलं, एकही चूक नाही.

नागम्मा : म्याडम, ठाण्याचा माणूस हितं येणार हाय. बोटाचं सांगू नका.

पंचशीला : मग काय सांगू? यंत्र चुकलं?

नागम्मा : काय बी सांगा. मालक आत जातील, अन् तुमाला बी सोडतील व्हय? तुमच्या डोळ्यांदेखत वाजवलं मी.

पंचशीला : धमकी देताय?

नागम्मा : हात जोडायलेय. तुमाला जे दिसतंय ते समजा.

पंचशीला : त्या सिंधूबाईंचं बोला आधी.

नागम्मा : तिला उचललं अन् बायांनी पुन्ना टँकरची नळी धरली. टँकर रिकामा झाल्यावर मग पोलिसांनी नेला.

पंचशीला : त्या कशा आहेत, हे विचारतेय मी.

नागम्मा : शुद्धीवर न्हाई. नांदेडला न्यायलेत. तिच्या दिराचा फोन आल्ता, वाटेतलं कंधार मागं पडलं म्हणून. तवापासून त्याचा फोन लागंना.