दगडांच्या समुद्रातली वरात

(टोंगा देशातल्या वावाऊ बेटांजवळ, सकाळी. छोट्या मोटारहोडीत तिघं: सेमिसी, लग्नासाठी नटलेली, रीतीप्रमाणे कमरेला मानाची विणलेली चटई गुंडाळलेली त्याची मुलगी मेलेआने, आणि सेमिसीची थोरली बहीण लाविनिया.)

लाविनिया : का रे थांबलास?

सेमिसी : मी नाही ताई, इंजिन थांबलं. पाणी ओढायच्या नळीत दगड अडकलेत.

मेलेआने : दगड! आणि तरंगतायत! आत्या, पाणी कुठं दिसतंय का बघ. समुद्राला कुणी फरशी घातली की काय!

लाविनिया : हात आत घे आधी. कमरेची चटई माझ्या आईची आहे. भिजवलीस तर याच दगडांनी तुझ्या टाचा घासून काढीन.

मेलेआने : अगं, वज्रीच आहे ही! फेसासारखी हलकी.

सेमिसी : फेसच तो. मागे तिकडे समुद्राच्या तळाचा डोंगर फुटला ना, त्याचा रस फसफसला आणि पाण्यात गोठला. आत नुसती हवा. वारा नेईल तिकडे जायचं.

मेलेआने : आत्या, ऐकलंस? बाबा माझ्याशी बोलले! साखरपुड्यानंतर पहिल्यांदा!

सेमिसी : मी ताईला सांगत होतो.

लाविनिया : ताईला काय सांगतोस? माझ्या लहानपणी अख्खा किनारा याच दगडांनी भरला होता. आम्ही त्यावर नाचायचो. तू तेव्हा रांगत होतास, एक तोंडात घातलास.

मेलेआने : बाबा, गिळलात?

सेमिसी : ताई, वारा आपल्या घराकडे वळलाय. बसून राहिलो तरी आपोआप परत पोचू. लग्न काय, पुढच्या आठवड्यात करू.

लाविनिया : आणि तिकडे जेवणासाठी भट्टीतून भाजलेली डुकरं बाहेर निघालीत, ती कोण खाणार? मासे? हा किटिओने जावई म्हणून पसंत नाही तर सरळ सांग ना.

सेमिसी : मुलगा चांगला आहे.

मेलेआने : मग काय बिघडलंय?

सेमिसी : लांब राहतो.

मेलेआने : बाबा! त्याच्या गावचा धक्का तो काय समोर दिसतोय!

सेमिसी : आज दिसतोय. पावसाळ्यात दिसत नाही.

लाविनिया : पोरी, आता रडू नकोस हं. तेल लावलंय अंगाला, सगळं ओघळेल.

मेलेआने : रडत नाहीये गं. बाबा, या दगडाच्या पोटाला बघा काय चिकटलंय. इवलंसं.

सेमिसी : पोवळं आहे ते. पाण्यात धर, मरेल नाहीतर. असंच दगडावर बसून येतं. कुठं खडक लागला की तिथंच वाढतं. आपल्या बेटाभोवतीचं सगळं असंच कुठून कुठून आलेलं.

लाविनिया : छान. आता वल्हं उचल. मी पातेल्याचं झाकण घेते.

सेमिसी : ताई, तू नको...

लाविनिया : गप. मार वल्हं.

मेलेआने : अय्या, कसला आवाज! जणू अख्खा समुद्र शिंपले चावतोय! आत्या, झाकण उलटं धरलंयस!

लाविनिया : तू हसू नकोस, होडी हलते!

मेलेआने : ते बघा, धक्क्यावर सगळे गातायत! आणि किटिओने फळी घेऊन दगड बाजूला करतोय. आई गं! पडला पाण्यात!

लाविनिया : नवरदेव? कमरेच्या चटईसकट?

मेलेआने : चटईसकट! नुसतं डोकं वर आहे. करड्या दगडांत एकच काळं डोकं!

लाविनिया : कुणाची होती चटई?

मेलेआने : त्याच्या आजीची.

लाविनिया : मग मेलाच तो.

मेलेआने : बाबा, तुम्ही हसताय!

सेमिसी : मी वल्हवतोय. धाप लागलीय.

मेलेआने : तो ओरडून विचारतोय, येताय की परत चाललात?

लाविनिया : सेमिसी, सांग त्याला.

सेमिसी : तूच सांग ताई, येतोय म्हणावं. माझा आवाज जरा बसलाय.