कुठल्या पायानं?

जेर : ...म्हणून तो गोल माझ्या नावावरून काढ आणि डेनिसच्या नावावर टाक. एवढंच काम आहे, पोरी.

डिम्फना : एवढंच? जेरकाका, पुस्तक गुरुवारी छापायला जातंय. काउंटीच्या गेलिक फुटबॉल स्पर्धेचा एकशेतीस वर्षांचा इतिहास. त्यात आपल्या गावाच्या वाट्याला पान आलंय एक. एकोणीसशे एकसष्टची फायनल. त्यात फोटो तुमचा, गोल तुमचा. आणि आता चहा पिता पिता तुम्ही म्हणताय, मी नव्हतोच.

जेर : नव्हतोच. आमच्या गवताच्या शेडमध्ये होतो. सकाळी चर्चमधल्या मिसेच्या प्रार्थनेनंतर आईनं ब्रेड आणि दुधाची बाटली देऊन आत कोंडलं होतं.

मॉसी : बाहेरून कडी मीच लावली होती.

जेर : तू थांब, मॉसी. तू गोलकीपर होतास, तुला माहीतच आहे. तुझ्या लेकीला सांगतोय मी. माझा भाऊ डेनिस तेव्हा पाद्री व्हायला सेमिनरीत होता. तिथल्या पोरांना क्लबकडून खेळायची बंदी. बिशपला कळलं असतं तर त्याच दिवशी हाकलला असता त्याला. म्हणून तो भिंतीवरून उडी मारून आला आणि माझ्या नावानं खेळला. मी राखीव होतो, मला कोण घेतंय? पण जेर टूहिग मैदानात पळतोय म्हटल्यावर जेर टूहिगनं गावात दिसून कसं चालेल?

डिम्फना : आणि संध्याकाळी?

जेर : चौकात जाळ पेटलेला फटीतून दिसला, तेव्हा कळलं कप आला. मग आई डेनिसची जर्सी घेऊन आली. घामानं ओली होती. म्हणाली, घाल आणि बाहेर जा. बाहेर गेलो तर लोकांनी खांद्यावरच घेतलं. डेनिस तोवर सायकलवरून परत सेमिनरीत.

डिम्फना : आणि तेव्हापासून चौसष्ट वर्षं तुम्ही तो गोल सांगताय.

जेर : आधी लोक विचारायचे म्हणून सांगायचो. मग सवय लागली. खोटं कशाला बोलू, आवडायलाही लागलं. पण आता डेनिस गेला ग. तिकडं पेरू देशात पाद्री होता, तिथल्याच डोंगरात पुरला त्याला, मी साधी माती टाकायलाही नव्हतो. इथं त्याचं काही नाही. एक गोल आहे, तो मी दाबून बसलोय. मरायच्या आधी त्याचा त्याला देऊन टाकतो.

डिम्फना : काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा हरलेले रॅथगॉर्मनवाले अजून टपूनच बसलेत. खोट्या नावानं माणूस खेळवला म्हणून कप परत मागतील. आपल्याकडं दुसरा आहे कुठं? मैदानाच्या फाटकावर तुमच्या नावाची पाटी आहे. रविवारी यंदाच्या फायनलच्या मध्यंतरात तुम्हाला मैदानात न्यायचंय. हात हलवा आणि येऊन बसा.

जेर : रविवारी माइक हातात आला की मीच सांगणार. पंधरा खेळाडू आणि आई, एवढ्यांनाच माहीत होतं. आता मी आणि मॉसी उरलो. गावालाही कळू दे.

मॉसी : ऐकलंस का, डिम्फना? गावाला कळू दे म्हणतोय.

डिम्फना : बाबा, नको.

मॉसी : का नको? मरायच्या आधी खरं बोलायचंय ना त्याला, मग ऐकायलाही हवं. लेका जेर, त्या दिवशी चार हजार माणूस होतं मैदानावर. डेनिस तुझ्याहून वीतभर उंच.

जेर : आई म्हणायची, आम्ही दोघं एकसारखे दिसतो.

मॉसी : आई म्हणणारच. आणि डेनिस डावखुरा. उजवा पाय त्याला नुसता उभं राहायला होता. तू पहिल्यांदा पबमध्ये गोल सांगितलास आणि उजवा पाय झाडून दाखवलास, तेव्हा अख्खा पब गिलासात तोंड खुपसून बसला होता.

जेर : कोणी बोललं नाही मला.

मॉसी : बोलून मजा घालवायची? कोणाकडं पाहुणा आला की आधी तुझ्याकडं आणायचो. बियर पाजायची आणि विचारायचं, जेर, कुठल्या पायानं? तू उठायचास, खुर्ची बाजूला करायचास आणि उजवा पाय.

जेर : डिम्फना, तुला पण ठाऊक होतं?

डिम्फना : शाळेत असल्यापासून, काका. कोणी थाप मारली की आम्ही म्हणायचो, ही उजव्या पायाची आहे. गावात अजून म्हणतात.

जेर : ते मी ऐकलंय. मला वाटायचं, कौतुकानं म्हणतात.

मॉसी : आणि मी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली होती. खरी, माझ्या हातांनी. चौसष्ट वर्षांत एकानं विचारलं नाही, मॉसी, कुठल्या हातानं.

डिम्फना : झालं तुमचं समाधान, बाबा? चला आता, उठा.

जेर : हॅनाला माहीत नव्हतं. माझ्या बायकोला तरी नव्हतं. ती कुठं फुटबॉल बघायची?

मॉसी : हॅना त्याच गोलपोस्टमागं उभी होती. माझ्या बहिणीबरोबर, नवा कोट घालून. डेनिसला बघायला आली होती.

डिम्फना : बाबा, बास म्हटलं ना.

जेर : पण पुढच्या वसंतात तिनं लग्न माझ्याशी केलं.

मॉसी : गोल मारणारा पाद्री झाला. मग उरलं कोण?



डिम्फना : जेरकाका, ह्यांचं मनावर घेऊ नका. पान आहे तसंच ठेवते. रविवारी दीड वाजता गाडी पाठवते तुम्हाला.

जेर : शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात हॅनानं माझा हात धरला आणि विचारलं, कुठल्या पायानं मारलास रे?

डिम्फना : मग?

जेर : उजव्या, म्हटलं. हसली. मला वाटलं, आज बरं वाटतंय तिला.