वामन पतंग्याचे पाठमोरे मोर

मंडळी, आज या देवळात कीर्तनाला एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे. पण उत्तर देण्याआधी शेजारी बायको बसली आहे का, तेवढं बघून घ्या! प्रश्न असा — न विचारता केलेलं भलं, ते भलं का उपद्रव?

समजा, तुम्ही सकाळी उठलात. पाय खाली सोडला — चप्पल नाही! कुणीतरी प्रेमानं धुतली, पुसली आणि माडीवर नेऊन ठेवली. आता त्या माणसाला आशीर्वाद द्यायचा, का चप्पल सापडल्यावर तीच हातात घ्यायची? हसताय? म्हणजे उत्तर माहीत आहे तुम्हाला!

न पुसता केले । भले ते जनाचे ।
सुख ना मनाचे । दोघांच्याही ॥

हा अभंग कुठल्या संताचा म्हणून पोथ्या चाळू नका. माझाच आहे. यमक चुकलं तर मला धरा, आमच्या मृदंगवाल्या उद्धवरावांना नको. त्यांच्याकडंच बघा ना — मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक, उजव्या तोंडाला शाई. डोळे मिटून वाजवतात. उद्या कुणी त्यांच्या सोयीसाठी कणीक उजवीकडं थापली, तर? उद्धवराव, काय कराल? — बघा, नुसतं विचारलं तर डोळे वटारले!

तर ऐका. जामखेडला वामन पतंगे नावाचा कारागीर. घराणं शिंप्याचं. बाप पायाच्या मशीनवर सदरे शिवायचा; वामननं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेतलं. पडद्यावर चित्र मांडायचं, बटण दाबायचं, खाली सुई खडखड नक्षी भरते. आणि त्याची ख्याती कशात? अंतरपाटात! लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात ना, तो. पूर्वी एखादं उपरणं धरलं की भागायचं. आता अंतरपाटाचाही फोटो निघतो! तेव्हा त्यावर मोर लागतात. दोन मोर, समोरासमोर, चोचीला चोच. पंचक्रोशीत वामनच्या मोरांशिवाय कुणाचं शुभमंगल होत नसे.

आणि ऐट काय त्याची! मोर मांडताना पडद्याकडं बघायचाच नाही. तोंड गिऱ्हाइकाकडं, गप्पा चालू, आणि हात आपला — टक, टक, टक! एक मोर डावीकडं ठेवला, मग कोपऱ्यातलं जोडीचं बटण दाबलं, की उजवीकडं त्याच्याकडं तोंड करून दुसरा उभा! गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, "मास्तर, एकदा बघा तरी!" वामन म्हणायचा, "बघून करतो तो शिकाऊ!"

हे वाक्य गाठीला बांधा, मंडळी. पुढं लागणार आहे.

वामनला एकुलती एक लेक, प्रणिता. लग्न ठरलं इंदापूरच्या मुलाशी. पोरीनं बापाकडं काही मागितलं नाही. ना फ्रीज, ना कपाट. म्हणाली, "पप्पा, माझा अंतरपाट तुम्ही करायचा. आजीच्या शालूचा." आजी म्हणजे वामनची आई. तिच्या लग्नातला मोतिया शालू. सगळा विरलेला, एक अंतरपाट निघेल एवढंच कापड धड उरलेलं. आई गेली, मागं तेवढंच राहिलं. वामननं शालूची घडी छातीशी धरली. म्हणाला, "करतो, बाळा."

करतो म्हणाला, आणि लोकांचे करत बसला! लग्नसराई ना! आज याचा, उद्या त्याचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. होता होता हळदीचा दिवस उजाडला. लग्न दुसऱ्या दिवशी — आणि घरच्या अंतरपाटाला अजून सुई लागलेली नाही!

पण थांबा. त्याआधी घरात एक प्रकार घडून गेला होता. वामनची बायको मंदाबाई. ती पत्रिका द्यायला माहेरी शेवगावला गेली होती. घरात वामन एकटा. आता एकटा पुरुष स्वयंपाकघरात शिरला की काय होतं, बायांनो, तुम्हीच सांगा! मांडणी बघून म्हणतो कसा — काय हा पसारा! साखर पोह्यांच्या मागं, हळद चहाच्या डब्यात, चहा बिस्किटांच्या डब्यात! लग्नघर आहे, जरा मंदाची सोय करू. बसला की लावायला! मोठे डबे खाली, लहान वर, प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी रांग. प्रत्येकावर चिठ्ठी. मीठ. साखर. रवा.

मंदाबाई आली. मांडणीकडं बघितलं. वामन दारात छाती काढून उभा, शाबासकीची वाट बघत. ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत."

पुरुषहो! बायको अशा आवाजात "बरं केलंत" म्हणाली की समजायचं, बरं झालेलं नाही. रामकृष्णहरी!

आता हळदीची सकाळ. दारात मांडव, बाया हळद लावायच्या घाईत. वामननं पुढच्या खोलीत मशीनच्या चौकटीला आईचा शालू ताणून बसवला, आईचं नाव घेतलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पडदा उजळला. त्यावर अक्षरं — "अभिनंदन! तुमच्या सोयीसाठी आम्ही सगळं नवीन केलं आहे!"

वामनला वाटलं, लग्नाचा आहेरच आला! बघतो तर काय — डावीकडची बटणं वर गेलेली, वरची गायब! नावं पुसून चित्रं घातलेली! दोऱ्याचे रंग कुठं? नाहीत! एका ठिकाणी झाडूचं चित्र. वामनला वाटलं, साफसफाई करत असेल. दाबलं. केलं की साफ! मोर पडद्यावरून उडाला!

घामाघूम झाला बिचारा. कंपनीला फोन लावला. पलीकडं एक मुलगी, आवाज साखरेत घोळलेला. "सर, नवीन व्हर्जन खूप सोपं आहे."

"कुणाला सोपं?"

"नवीन लोकांना, सर."

"मग नवीन लोकांना द्या की, बाई! मी जुना आहे!"

"सर, सगळ्यांना एकच येतं."

"मग माझं जुनं मला परत द्या."

"सॉरी सर, मागं जाता येत नाही."

ऐकलंत? मागं जाता येत नाही! आम्ही इथं दोन-दोन तास घसा फोडून जो वेदान्त सांगतो, तो त्या पोरीनं फोनवर एका वाक्यात सांगितला! पण वामनला कुठला वेदान्त? तो ओरडला, "अहो, पण विचारायचं तरी! हात बसलाय माझा! आयुष्य गेलं या बटणांवर! कुणाला विचारून हलवलीत?"

त्याचा आवाज ऐकून मंदाबाई चहा घेऊन आली. वामननं घोट घेतला — आणि थू थू थू! "मंदे, मीठ!"

"असेल," मंदाबाई म्हणाली. "माझा हात जिथं जातो तिथं साखर असायची. आता तिथं मीठ असतं."

"अगं, पण चिठ्ठ्या लावल्यात मी! वाचायचं ना!"

"हाताला कुठं वाचता येतं?" म्हणाली आणि कप उचलून गेली.

आता शहाणा असता तर तिथंच उमगलं असतं. पण माणसाला दुसऱ्याच्या चहातलं मीठ कधी लागत नाही! वामन पुन्हा मशीनकडं वळला. झाडूला हात न लावता मोर परत आणला. चाचपडत, शिव्या देत रंग शोधले. आणि शेवटी बघतो तर जोडीचं बटण जुन्याच कोपऱ्यात! जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, माणूस नाही पण बटण तरी ओळखीचं निघालं. तेवढ्यात मांडवातून कुणी हाक मारली, "मास्तर, आचारी विचारतोय, बुंदी कधी पाडायची?" वामननं मान तिकडं वळवली, हात इकडं — टक, टक, टक! सुरू! आणि गेला बुंदीकडं.

बघून करतो तो — कोण? बोला की! — शिकाऊ!

आता कंपनीनं काय केलं होतं? बटण जागेवरच ठेवलं होतं, काम बदललं होतं. पूर्वी जोडीदार पुढ्यात उभा राहायचा, आता पाठीमागं, तोंड फिरवून!

दुपारी प्रणिता आली बघायला. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा. अंतरपाट बघितला आणि जागीच थिजली. एक मोर डावीकडं तोंड करून, दुसरा उजवीकडं. पाठीला पाठ!

"पप्पा," हळूच म्हणाली, "हे दोघं भांडलेत का हो?"

तुम्ही हसताय. वामन हसला नाही. त्यानं कापडाला हात लावला आणि खाली बसला. उसवावं तर शालूवर सुईची भोकं राहणार. दुसरं कापड घ्यावं तर ते आणायचं कुठून? आई काय दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणार होती? लेकीनं एकच वस्तू मागितली होती. लोकांच्या लेकींचे मोर समोरासमोर, आणि आपल्या लेकीचे पाठमोरे! उद्या मांडवात विहीणबाई काय म्हणतील, ते तर पुढचंच. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"पप्पा, पडद्यावर दिसलं असेल ना! बघितलं नाही तुम्ही?"

"अगं, माझा हात जिथं जातो तिथंच होतं ते बटण," वामन काकुळतीला आला. "हाताला कुठं वाचता..."

आणि थांबला.

मान वर केली. दारात मंदाबाई उभी. हळदीच्या हातांनी. ती त्या वेळी काहीही बोलू शकली असती, मंडळी! आपल्याकडच्या किती जणींनी ती संधी सोडली असती? सोडली तिनं! वामनच म्हणाला, "मंदे, ते डबे..."

"डबे राहू द्या. आधी हात धुवून येते, ते कापड काढा."

हात धुऊन आली. कापड जमिनीवर पसरलं. दोन्ही मोरांवर एकेक तळवा ठेवला. मग हसली. "मधोमध कापायचं. बाजू बदलायच्या. पुन्हा जोडायचं."

नाही कळलं? सगळे हात वर करा! दोन्ही पंजे पाठीला पाठ लावून धरा. ही तुमची मोराची जोडी, रुसलेली. आता न वळवता डावा उजवीकडं न्या, उजवा डावीकडं. आले का समोरासमोर? झाला का नमस्कार? अहो कमिटीचे अध्यक्ष, तुमचे कुठं चाललेत?

वामन तर उडालाच! लगेच कात्री उचलली. तर मंदाबाईनं मनगट धरलं. "विचारलंत?"

"कुणाला विचारू? शिंपी मी, बाप मी, शालू माझ्या आईचा!"

"आणि लग्न कुणाचं?"

वामननं कात्री खाली ठेवली. मग लेकीकडं वळला. कात्री चालवताना ज्यानं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं, तो विचारता झाला. "प्रणिता, कापू का गं?"

पोरीनं डोळे पुसले. "कापा, पप्पा."

कापलं. आणि जोडलं कशावर? कोपऱ्यात बापाचं जुनं पायाचं मशीन होतं, त्यावर. त्या मशीननं आयुष्यात कधी कुणाचं अभिनंदन केलं नव्हतं. पाय मारला की चालायचं! मंदाबाईनं शिवण घातली, जोडावर सोनेरी लेस लावली. मोरांनी एकमेकांची तोंडं बघितली.

दुसऱ्या दिवशी मांडव. विहीणबाई नजरेच्या पक्क्या. अंतरपाट धरला नाही तोच म्हणाल्या, "पतंगे, मधे जोड कशाला हो?"

एरवी वामननं थाप मारली असती, नवीन फॅशन आहे म्हणून. पण म्हणाला, "विहीणबाई, चूक माझी. न बघता केलं. मोर रुसून बसले होते, आमच्या हिनं समजूत घातली."

विहीणबाईंनी मंदाबाईकडं बघितलं आणि हसल्या. "मोरांची घातलीत, आता आमच्या भाऊजींचीही घाला! आहेराच्या टोपीसाठी कालपासून रुसलेत!" सगळा मांडव हसला. अक्षता पडल्या. आईचा शालू बाजूला सरकला, आणि पलीकडं लेक सासरची झाली. वामन लहान मुलासारखा रडला.

आता संपलं असं वाटलं ना? कंपनी कुठं संपू देते! वामन रोज पडद्याकडं बघून, चित्रं ओळखून काम करायला लागला. हळूहळू नवीन बटणांवर हात बसला. आणि एका सकाळी पुन्हा अक्षरं — "अभिनंदन! लोकांच्या आग्रहास्तव जुनी बटणं परत आणली आहेत!"

वामननं कपाळाला हात लावला. "अरे, आता कुठं जमलं होतं रे!"

तणतणत उठला. स्वयंपाकघरात गेला. मनात आलं, मंदा देवळातून यायच्या आत डबे पूर्वीसारखे लावू. खूश होईल. मिठाच्या डब्याला हात घातला... आणि हात तसाच मागं घेतला. देवळातून मंदाबाई आली. वामन दारात उभा. या खेपेला छाती आत. "मंदे, विचारायचं होतं. डबे पहिल्यासारखे लावू का?"

मंदाबाई किंचाळलीच. "हात लावाल तर खबरदार! आता कुठं हात बसलाय माझा!"

वामन म्हणाला, "बरं." आणि मंडळी, हे "बरं" मात्र खरंच बरं होतं! कारण चहा आला, तो गोड आला.

हे झालं वामनचं. आता तुमच्याकडं येतो. उठू नका, पळता यायचं नाही! बापहो, मुलाची शाळा बदलताना मुलाला विचारलंत? सूनबाई, सासऱ्यांची खाट खिडकीपासून हलवलीत — खोली छान दिसते म्हणता — म्हाताऱ्याला विचारलंत? अहो, ज्यानं हे जग केलं, त्याला तर कुणाची परवानगी लागत नाही! पण त्यानं तरी कधी कळवलं का, की तुमच्या सोयीसाठी उद्यापासून सूर्य पश्चिमेला उगवेल? त्याला ठाऊक आहे, आपला हात बसलाय!

आणि हे देऊळ. संध्याकाळपासून बघतोय. फरशी नवी, रंग नवा, सुंदर! घंटा मात्र गाभाऱ्यासमोरून काढून खांबाकडं लावली. फोटोत मधे येत होती म्हणे. मघाशी एक आजीबाई आल्या. डोळ्यांना कमी दिसतं त्यांना. देवापुढं उभ्या राहिल्या, हात वर केला — हवेत! इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. शेवटी नुसतेच हात जोडून खाली बसल्या. जन्मभराचा हात आहे हो तो! अध्यक्षमहाराज, कमिटीनं ठराव केला असेल. त्या आजीबाईंना विचारलं होतं?

न पुसता केले । भले ते जनाचे ।
सुख ना मनाचे । दोघांच्याही ॥

चला, आरतीला उभे राहा. एकेकानं पुढं यायचं, देवापुढं हात वर करायचा. हाताला घंटा लागली तर देवाचं नाव घ्या. नाही लागली तर अध्यक्षांचं घ्या, मोठ्यानं घ्या, म्हणजे उद्या सकाळी ते आजीबाईंच्या घरी विचारायला जातील!