पिकायची वाट

बसा खाली. कुठं निघालात? लघवीला? आत्ता जाऊन आलात की! डोळ्याचं आपरेशन हाय का मुतखड्याचं? मला येडी समजता व्हय? म्हणं लघवीला — अन् तोंड जिन्याकडं. खाली उतरायचं, भोरच्या स्टँडावर जायचं अन् किकवीची यष्टी धरायची, हेच ना? अन् धरणार कशी? बोर्ड वाचता येतोय? परवा फाट्यावर दुधाच्या टेम्पोला हात केलात, थांबला बिचारा, तर वर चढून तिकीट मागितलंत! समदं गाव हसलं. मी बी हसले. घरी येऊन रडले, ते जाऊ द्या.

थुका आधी ती तंबाखू. थुका म्हणते ना. आत टेबलावर झोपल्यावर ठसका लागला तर? माझ्या डोळ्याच्या टायमाला डॉक्टर म्हणाला व्हता, आजी, खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगा, एकदम हलू नका. बोललं तर चालतं — पन तुमी नगा बोलू, तुमचं एकदा सुरू झालं की त्यो डॉक्टरच झोपायचा.

काय करत्यात? किती येळा सांगू? आत्ता ते थेंब घातलं ना, चुरचुरतंय तेच, त्यानं बाहुली मोठी व्हते. मग डोळ्याच्या कडंला एक सुई. दुखतं व्हय, खोटं कशाला बोलू, मुंगी चावल्यागत — पन मग डोळा हाय का न्हाई तेच कळत न्हाई. तोंडावर फडकं टाकत्यात, डोळ्यापुरतं भोक. गुदमरल्यावानी वाटतं, पन गुदमरत न्हाई कोन. वर दिवा. मशीन गुरगुरतं, गालावरनं पानी वघळतं, रंग नाचत्यात — तांबडे, निळे. मोतीबिंदू आतल्या आत फोडून वढून घेत्यात अन् तितं भिंग बसवत्यात. चा दोनदा उकळंस्तवर बाहेर! अन् त्यो शेजारचा ज्ञानू सांगतोय, डोळा काढून वाटीत ठेवत्यात, धुवून परत बसवत्यात — अवो, डोळा हाय का दाताची कवळी? ज्ञानूची अक्कल वाटीत ठेवली तर वाटी रिकामीच दिसंल.

"अजून पिकला न्हाई, पिकू दे" — आलं परत तेच! पिकायला काय त्यो रायवळ आंबा हाय? आढीत घातलाय? तुमच्या आईच्या टायमाला थांबत व्हते म्हणं. आता डॉक्टर काय म्हणतो, लई पिकला की टणक व्हतो, काढायला तरास. पन तुमी आपलं पिकू दे, पिकू दे. हायवे कानानं वलांडता तुमी! मला कळत न्हाई व्हय? म्हंजे — आधी न्हाईच कळलं. मलाच कुठं दिसत व्हतं? तुमी म्हशीला पावनी समजून नमस्कार करायचा अन् मी तिला चा टाकायचा, असला आपला संसार. थंडीत माझा डोळा झाला अन् मग दिसलं — ह्यो मानूस भिंतीला हात लावून चालतोय. नातीनं पेढा पुढं केला, तर ह्याचा हात भलतीकडंच हवेत. शेफाली हसली, तिला वाटलं आजोबा गंमत करत्यात. अन् वर रुबाब काय — "मला समदं दिसतंय!" त्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलात. कंडक्टरागत शिव्या दिल्या त्यानं तुमाला, अन् तुमी घरी येऊन मला सांगता, वळखीचा निघाला. रोज सांच्याला तुमी येस्तवर मी फाट्याकडं कान लावून बसते. मेलात तर मी काय करू? आं? कुनाशी भांडू?

नंतर काय — आज पट्टी, उद्या सोडत्यात. मग काळा चष्मा, मिरवा गावभर. डोक्यावरनं आंघूळ न्हाई, डोळा चोळायचा न्हाई, वाकून वजन उचलायचं न्हाई, थेंब टायमावर. चुलीम्होरं बसायचं न्हाई — तसंबी कवा बसलाय? अन् एकदम उजेड पडतो बरं का. पांढरं निळसर दिसतं, वाशाची कोळिष्टकं दिसत्यात. म्या पहिल्या दिवशी आरशात बघितलं — ही कोन म्हातारी शिरली घरात? मागं वळून बघितलं, खरंच. गाल आत गेल्यात, डोळ्याखाली हे एवढं काळं, केस तर इचारू नगा. तुमचा मोतीबिंदू पिकायची वाट बघता बघता मीच पिकले की! अन् तुमी म्हणता, "ठके, तू हाईस तशीच हाईस." कशावरनं म्हणता? दिसतंय कुठं तुमाला?

म्हणा, म्हणा. मला बरं वाटतं. लई बरं वाटतं. म्हणून काय तुमाला आंधळं ठिवू?

काय म्हणाल्या सिस्टर? सावळाराम? हे काय, हितंच हायेत, पळालं न्हाईत! उठा. चपला हितं काढा. डावा डोळा बरं का बाई, त्याच्याच भुवईवर खुणंची पट्टी चिकटवलीया. अवो, ऐका — उद्या पट्टी सोडली की एकदम माझ्याकडं नगा बघू. शेफाली येनार हाय, आधी तिच्याकडं बघा. मग खिडकीतनं बाहेर बघा, झाड-बिड काय असंल ते. मी हाय बाजूलाच.

हात सोडा माझा. जावा.